कपाळाचं नाक

अस्वलाची गोष्ट मी सांगणार नाही, हे आधीच सांगून टाकते. मागच्या उन्हाळ्यात चंद्रपूरहून दोघं जण कॅमेरा घेऊन आले होते. माझ्या, म्हणजे या निवृत्त नर्सबाईंच्या, आईला अस्वलानं फाडलं होतं, एवढं त्यांना कुठून तरी कळलं होतं. चहा पिईपर्यंत नीट बोलले. मग एकानं विचारलं, "मावशी, अस्वल समोरून आलं की मागून? जरा करून दाखवता का?" त्याला मी कप खाली ठेवायला सांगितला आणि दार दाखवलं. साठी उलटली तरी माझ्या जिभेचा तिखटपणा गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही. अस्वल होतं. मोहफुलं वेचायला आम्ही गेलो होतो, तेही त्याचसाठी आलं होतं, आणि आईच्या आणि त्याच्या मध्ये एक झुडूप होतं. नाक गेलं, वरचा ओठ फाटला, डाव्या गालात खड्डा पडला, आणि अस्वल आपल्या वाटेनं निघून गेलं. त्याच्यावर माझा राग नाही. ज्यांच्यावर आहे त्यांच्याबद्दल मला आजवर कुणी विचारलेलं नाही, आणि त्या यादीत मी स्वतः बरीच वर आहे.

आमचं गाव मुलचेऱ्याच्या पलीकडे, जंगलात, वीस-बावीस घरांचं. आम्ही गोंड. घरात बोलणं गोंडीतच. इथे आईचं बोलणं मी आमच्याकडच्या मराठीत लिहिते आहे, कारण वाचणाऱ्याला गोंडी येणार नाही. पण तसं लिहिताना माझा हात दर वेळी अडखळतो, तो का ते पुढे कळेल. घर कुडाचं, पुढे सारवलेलं अंगण, आणि मोहाच्या दिवसांत त्या अंगणात पाय ठेवायला जागा नसायची, सगळीकडे फुलं वाळत घातलेली. वासानं डोकं जड व्हायचं. मी त्याच दिवसांत जन्मले म्हणून चैती. आश्रमशाळेतला लेखनिक जवळच्या बंगाली निर्वासितांच्या वसाहतीतला होता. त्यानं रजिस्टरात चैताली लिहिलं आणि मी सरकारदरबारी कायमची चैताली झाले. आई सकाळी ज्वारीची आंबील घोटायची. पावसाळ्यात बांबूचे कोवळे कोंब, आमच्याकडचे वास्ते, आणायची आणि मोहाच्या बियांच्या तेलात परतायची. त्या तेलाचा कडवट वास तिच्या केसांना, लुगड्याला, हातांना कायम यायचा. बाबा कमी बोलायचे, कारण त्यांच्या वाट्याचंही आईच बोलून टाकायची. धान कांडताना ती शेजारणीशी भांडायला लागायची आणि कांडून होईपर्यंत भांडण मिटवून दोघी हसत असायच्या. तिचं हसणं ओढ्यापर्यंत ऐकू जायचं. मी ओढ्यावर पाणी भरत असले की मला त्यावरूनच कळायचं, घरी कुणी आलं आहे.

तिच्या कपाळावर गोंदण होतं. भुवयांच्या मधून केसांपर्यंत गेलेली एक उभी रेघ, वरच्या टोकाशी तीन टिपके, आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना एकेक फांदी. ती नऊ-दहा वर्षांची असताना गोंदणारी बाई गावात आली होती. तिनं दिव्याची काजळी तेलात खलली, तीन सुया एकत्र बांधल्या आणि टोचायला बसली. आई ओरडत होती आणि तिच्या आईनं, म्हणजे माझ्या आजीनं, तिचं डोकं मांडीत घट्ट धरून ठेवलं होतं. ही हकिगत मी शंभरदा ऐकली आहे. आमच्यात म्हणतात, मेल्यावर चांदी भाऊबंद काढून घेतात, लुगडंही बरोबर येत नाही, येतं ते फक्त गोंदण. जिच्या अंगावर ते नाही तिला वर गेल्यावर सब्बलीनं, म्हणजे पहारीनं, टोचतात. आजी तेव्हा तिच्या कानाशी म्हणाली होती, "रडू नको. तिथी लय गर्दी राहते. याच्यावरूनच मी तुले ओळखीन." पुढच्याच पावसाळ्यात आजी तापानं गेली. आईला तिचा चेहरासुद्धा धड आठवत नव्हता. आठवायची ती मांडी, सुयांची आग आणि ते बोलणं.

अस्वलानं आईचा चेहरा नेला आणि कपाळ तेवढं ठेवलं. त्यावर ओरखडासुद्धा नव्हता. तालुक्याच्या दवाखान्यात टाके घालून तिला जगवलं, पण नाकाच्या जागी भोक राहिलं. थंडीत त्यातून पाणी गळायचं, उन्हाळ्यात आत धूळ जायची आणि तिचा श्वास आम्हाला ऐकू यायचा. बोलायला गेली की निम्मा आवाज त्या भोकातूनच निघून जायचा. म्हणून तिनं बोलणं सोडलं. पदर नाकावरून ओढून घ्यायची, आणि जेवताना भिंतीकडे तोंड करून बसायची. ओढ्यावर पाणी भरताना मला घरातलं काहीच ऐकू येईनासं झालं. पण कपाळ ती झाकायची नाही. पदर बरोबर भुवयांखाली यायचा.

मी तेव्हा चौदा वर्षांची, आश्रमशाळेत. सुट्टी लागली की आई मला न्यायला यायची. अस्वलानंतर ती पहिल्यांदा आली तेव्हा अधीक्षिकाबाईंनी मला बोलावून सांगितलं, "तुझ्या आईला फाटकाबाहेर थांबायला सांग. लहान मुली घाबरतात." त्या बाईंना मी अजून माफ केलेलं नाही. त्या आता हयात नाहीत, तरी नाही. पण मी काय केलं? मी फाटकाशी गेले आणि आईला म्हणाले, "इथीच थांब." तिनं विचारलं नाही का म्हणून. खांद्यावरची पिशवी खाली ठेवली आणि उन्हात उभी राहिली. त्या दिवशी मी ठरवलं की आईला नाक आणायचंच. ती तिच्यासाठीची इच्छा होती की माझ्यासाठीची, असं मला कुणी विचारू नये.

तालुक्याच्या नर्सबाईंनी बाबांना सांगितलं की नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नाक करून देतात, प्लास्टिक सर्जरी म्हणतात त्याला. गावात लगेच चर्चा झाली. प्लास्टिकचं म्हणजे बादलीसारखं का? उन्हात वितळन का? लाल राहते का निळं? या शब्दानं आजही लोकांना फसवलेलं आहे. कुणाला वाटतं प्लास्टिक बसवतात, कुणाला वाटतं जादू करतात. दोन्ही नाही. तुमचंच एक ठिकाण उसवून दुसऱ्या ठिकाणी शिवतात. नाक हवं तर अंगावरचं दुसरं काहीतरी द्यावंच लागतं. हे साधं वाक्य आईला कुणी सांगितलं असतं तर हे प्रकरण मला लिहावंच लागलं नसतं.

आम्ही तिघं निघालो. मूल गावाला गाडी बदलली, तिथल्या गिरण्यांतून उकडलेल्या धानाचा वास येत होता आणि आईला तो येत नव्हता. नागपूरला डॉक्टरांनी तपासलं. त्यांचे हात सोन्याचे होते, हे मी पुढे तीस वर्षं ऑपरेशनच्या वॉर्डात काढल्यावर म्हणते आहे. तसे टाके घालणारे मी नंतर फार थोडे पाहिले. त्यांच्यामागे पाच-सहा शिकाऊ डॉक्टर वह्या घेऊन उभे. डॉक्टरांनी न विचारता पेनाच्या टोकानं आईचा पदर बाजूला केला. शिकणाऱ्यांना इंग्रजीत काहीतरी समजावलं. मग माझ्याकडे वळले.

"मराठी येतं ना तुला? हिला सांग, कपाळाची कातडी खाली वळवून नाक करणार. तिला रक्त मिळावं म्हणून ती भुवईपाशी जोडलेलीच ठेवू. तीन आठवडे मध्ये सोंडेसारखा पूल राहील, मग तो कापायचा. कपाळावर मांडीची कातडी लावू. पहिल्यासारखं नाक होणार नाही, पण नाक होईल. पुढे एक-दोनदा अजून यावं लागेल. सांग पटकन."

यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. पण ते सगळं त्यांनी मला सांगितलं. एका चौदा वर्षांच्या पोरीला. जिचं कपाळ होतं ती समोर बसली होती आणि तिच्याकडे त्यांनी मापं घेण्यापुरतंच पाहिलं.

मी आईला म्हणाले, "नाक करून देतो म्हणते."

"कशाचं?"

"कातडीचं."

"कुठची कातडी?"

मी तिच्या मांडीला हात लावला. आईनं मांडीकडे पाहिलं, मग डॉक्टरांच्या त्या पेनाकडे, आणि तिचा हात आपोआप वर गेला. "कपाळाले हात नाई लावत ना? इचार त्याले."

मी डॉक्टरांकडे वळले. मला त्या खोलीतलं सगळं आठवतं. पंख्याचं एक पातं वाकलं होतं. बाबा दाराशी चपला हातात घेऊन उभे होते, कारण कुणीतरी त्यांना त्या बाहेर काढायला सांगितलं होतं आणि चोरीला जातील म्हणून ते हातात घेऊन आले होते. डॉक्टर म्हणाले, "काय म्हणते?"

मी म्हणाले, "हो म्हणते."

आणि आईला म्हणाले, "नाई लावत."

कागदावर तिचा अंगठा घेतला. मी तिचा हात धरून तो शाईवर टेकवला.

मी असं का केलं? उत्तरं माझ्याकडे पुष्कळ आहेत. खरं सांगितलं असतं तर ती उठून गेली असती, हे एक. ते फाटक, हे दुसरं. आणि तिसरं सांगताना आजही माझे कान तापतात. मला त्या गोंदणाची लाज वाटायची. वसतिगृहात दोन मुली हातावरचं गोंदण विटेच्या तुकड्यानं घासायच्या आणि आम्ही बाकीच्या त्यांना शाबासकी द्यायचो. शाळेत आम्हाला हेच शिकवलं होतं, वाचायला-लिहायला शिकवता शिकवता. आईचं कपाळ साफ झालं तर बरंच होईल, असं मला वाटलं. वाटलं म्हणजे वाटलं. आता त्याला गोड करून काय उपयोग.

ऑपरेशन झालं. पट्ट्या सुटल्या तेव्हा भुवयांच्या मधून जाड, गुंडाळलेली कातडी खाली आली होती आणि तिच्या टोकाशी नाक होतं. सुजलेलं, निळसर, आलूसारखं. दोन भोकांत दोन नळ्या. वॉर्डात आरसा नव्हता, मुद्दाम ठेवत नसत. आईनं जेवणाचं स्टीलचं ताट पदरानं पुसलं आणि खिडकीशी धरलं. बराच वेळ पाहिलं. मग बोटानं नाकाच्या टोकाला हात लावला. तिथे तीन टिपके होते, जे कपाळावर सगळ्यात वर असायचे ते आता सगळ्यात खाली. रेघ उलटी. फांद्या नव्हत्याच, नाकाचा आकार कापताना त्या कडेला गेल्या आणि कुठल्यातरी बादलीत पडल्या.

"म्या तुले काय इचाराले सांगतलं होतं?" तिनं ताट खाली न ठेवता विचारलं.

"कपाळाले हात नाई लावत ना, म्हणून."

"अन् तू त्याले इचारलं?"

मी खाटेच्या दांडीचा रंग नखानं खरवडत राहिले.

"नाई इचारलं," ती म्हणाली, आणि ताट पालथं ठेवलं. ती ओरडली नाही. तिनं मला दोन थोबाडीत मारायला हव्या होत्या. तिचा हात चांगला चालायचा. त्यापेक्षा वाईट असं की त्या दिवसापासून तिनं माझ्या हातून पाणीसुद्धा घेतलं नाही. शेजारच्या खाटेवरच्या बाईकडून घ्यायची.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर फेरीला आले तेव्हा ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "इचार त्याले, माह्यं गोंदण कुठी हाय." या वेळी मी जसंच्या तसं विचारलं. डॉक्टर हसले. मागचे शिकाऊही हसले, कारण डॉक्टर हसले होते. "नाक मागितलं, नाक दिलं. आता गोंदण मागते? अगं, तो जुना डागच होता, गेला तर बरं झालं. जत्रेत दुसरं काढून घे म्हणावं." मला त्या माणसाच्या अंगावर ते ताट फेकून मारावंसं वाटलं. आणि त्याच क्षणी हेही कळलं की हा जे बोलतोय तेच मी मनात म्हटलं होतं, फक्त मी हसले नव्हते.

पूल कापायच्या दोन दिवस आधी आईनं बाबांना सांगितलं, चला. नर्सनं थांबवलं, वॉर्डबॉयनं थांबवलं. बाबा कधी नव्हे ते बोलले, म्हणाले, एवढं झालं तर पुरं कर. आई ऐकेना. तिचा हिशोब मला नंतर कळला. तो पूल आहे तोवर नाकावरची कातडी कपाळाला जोडलेली आहे. उलटी का होईना, गोंदणाची रेघ अजून तुटलेली नाही. कापली की तुटली. डॉक्टरांसाठी ती अर्धवट राहिलेली कामगिरी होती. तिच्यासाठी तो तिच्या आईपर्यंत जाणारा शेवटचा धागा होता. कुणी विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. मीही विचारलं नाही.

बसमध्ये मी तिच्या डोक्यावरून पदर ओढायला गेले तर तिनं माझा हात झटकला. "आता झाकाचं काय? तूच करवलं ना? पाहू दे लोकाईले." आणि त्या वर्षात पहिल्यांदा ती उघड्या तोंडानं बसली, कपाळावर मांडीच्या कातडीचा काळपट चौकोन, मधून ती सोंड, नाकात नळ्या. मूलच्या स्टँडवर एक माणूस हात जोडून मोठ्यानं म्हणाला, "बाप्पा आले रे!" चार जण हसले. आईनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं हात खाली घेतले. मी मात्र खिडकीबाहेर बघत राहिले, जशी काही तिच्याबरोबर नव्हतेच.

पाच महिने ती तशी राहिली. त्या पुलाला टोरीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं, तेल लावायची, नळ्या धुऊन परत बसवायची. दोन्ही डोळ्यांच्या मध्ये मांसाचा खांब, त्यामुळे पायवाटेवर ठेचा लागायच्या. गावात कुणी फारसं हसलं नाही. पोरांनी दोन दिवस टक लावून पाहिलं आणि तिसऱ्या दिवसापासून पाहणं सोडलं. एक गंमत मात्र होती, आणि ती खरी आहे, मी नंतर पुस्तकातही वाचली. नाकावर माशी बसली की आई कपाळ झटकायची. कातडी खाली आली तरी तिच्या नसा अजून वरच्याच होत्या, नाकाला लागलेलं तिला कपाळाला लागल्यासारखं वाटायचं. बाबा हसायचे. आई म्हणायची, "गोंदणाले मालूमच नाई का त्याले हलवलं म्हणून." त्या पाच महिन्यांत ती एवढंच काय ते विनोदानं बोलली, आणि तेही बाबांना.

धान कापून झाल्यावर गोंदणारी म्हातारी आली. दर वर्षी यायची, सुयांची डबी कमरेला. तिनं आईला उन्हात बसवलं, हनुवटी धरून चेहरा इकडेतिकडे फिरवला, मांडीची कातडी बोटानं दाबून पाहिली. आईच्या चेहऱ्याला न घाबरता, न हळहळता हात लावणारी ती पहिलीच. तिनं आधी विचारलंसुद्धा, "हात लावू का?"

"कातडी पतली हाय, पण काजळी धरन," म्हातारी म्हणाली. "मांडीवर आम्ही गोंदतोच की. सालभर थांब, मंग कपाळावर नवं टोचून देतो, रेघ, फांद्या, सगळं. पण हे मधी लटकून राह्यलं त माही सुई कुठी चालन? हे काढून घे आधी."

"काढलं म्हणजे तुटलं ना."

"तुटलं त तुटलं. मी जोडतो. माहा धंदा काय हाय मंग?"

एवढंच. अख्ख्या दवाखान्याला जे जमलं नाही ते त्या बाईनं अंगणात बसून, कान खाजवत करून टाकलं. आई लगेच तयार झाली. पण नागपूरला जायच्या आधी ती तीन आठवडी बाजारांना एकटीच गेली. बंगाली माशेवालीजवळ बसायची. मला वाटलं मासळीचा भाव पाडून घेते आहे. ती मराठी शिकत होती. माशेवालीचंही मराठी बेताचंच, त्यामुळे आईच्या बोलण्यात शेवटपर्यंत थोडा बंगाली हेल राहिला, त्यावर लोक हसायचे आणि मला रडू यायचं.

डॉक्टर तेच, शिकाऊ बदललेले. मला बघून म्हणाले, "आले का परत? तरी सांगितलं होतं. विचार तिला, आता तरी कापू द्यायचं आहे ना?"

मी तोंड उघडलं तर आईनं माझ्या दंडावर हात ठेवून मला मागे सारलं. "मले इचारा," ती मराठीत म्हणाली. नळीतून शिट्टीसारखा आवाज आला तरी शब्द स्वच्छ होते. "कापाचं ते कापा. फेकाचं नाई. जे उरन ते कुठी लावता, आधी मले सांगा."

डॉक्टरांनी त्या दिवशी पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाहिलं. पेन खिशात ठेवलं, स्टूल ओढून तिच्यासमोर बसले. मग म्हणाले, "उरलेलं फेकत नाही, बाई. भुवयांच्या मध्ये परत बसवतो. तसंही तिथेच बसवायचं असतं." आणि हातवारे करून तिला समजावलं, कुठे कापणार, काय वर जाईल, काय खाली राहील. आईनं दोनदा परत विचारलं, त्यांनी दोनदा परत सांगितलं. लागला किती, तर एक कप चहा पिण्याइतका वेळ.

तसंही तिथेच बसवायचं असतं! हे मी विसरूच शकत नाही. रेघेचा खालचा भाग तिला परत मिळणारच होता, पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. पाच महिने ती ठेचा खात फिरली, बाबांनी बाप्पा म्हणणाऱ्यांसमोर मान खाली घातली, नळ्यांत पू झाला, आणि हे सगळं एका उत्तरासाठी, जे त्या माणसाच्या तोंडात तयार होतं. त्यांनी सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही. विचारणारी मी होते.

वर्षभरानं म्हातारीनं कबूल केल्याप्रमाणे गोंदलं. मी डोकं धरायला बसले तर आई म्हणाली, "धराचं काम नाई." खरंच नव्हतं. त्या कातडीला काही जाणवतच नव्हतं. सुया शिरत होत्या आणि आई उघड्या डोळ्यांनी छपराकडे बघत होती. मधेच घाबरून म्हणाली, "दुखून नाई राह्यलं. मंग हे लागलं कसं म्हणाचं?" म्हातारी थांबली, मग म्हणाली, "रक्त आलं ना? मंग लागलं." आईनं बोट लावून रक्त पाहिलं आणि मग तिला टोचू दिलं. पण तिचं समाधान झालं नाही, हे मला दिसत होतं. पहिल्या वेळेची आग तिच्या लक्षात होती.

मी नर्स झाले ते सेवाभावानं वगैरे नाही, रागानं झाले. तीस वर्षं मी त्याच प्रकारच्या वॉर्डात होते. चुलीत भाजलेल्या, मळणीयंत्रात हात गेलेल्या, अस्वलानं फाडलेल्या किती तरी बाया आल्या. डॉक्टर बोलून गेले की मी खाटेवर बसायची आणि सगळं पुन्हा सांगायची. बाई, पहिल्यासारखं होणार नाही, जो तसं म्हणेल त्याला खोटारडा समजा. एका फेरीत होणार नाही. सूज महिनोन्‌महिने राहील, आरशात बघून रडाल, रडा. जिथून कातडी घेतील तिथेही व्रण पडेल, आणि तो व्रण कुठे चालेल हे तुम्ही सांगायचं, त्यांनी नाही. घास तोंडात राहील, श्वास नाकातून जाईल, हात भाकरी धरेल, एवढ्यासाठी हे करायचं. गेलेला चेहरा कुणाकडेच नसतो. आणि बरोबर दुभाषी म्हणून आलेली पोरगी असली की तिला मी बाहेर पाठवायची. डॉक्टर चिडायचे, वेळ जातो म्हणून. चिडू दे. माझ्यामुळे दोन बायांनी ऑपरेशन नाकारलं, त्याचा ठपकाही माझ्यावर आला, आणि तो मी कुंकवासारखा लावून घेतला.

आईचं नाक पुढे बरं झालं. जाडच राहिलं, टोकाला चार केस यायचे ते ती चिमट्यानं उपटायची, आणि तीन टिपके त्याच्या शेंड्यावर कायम. जेवायला भिंतीकडे पाठ करून बसू लागली. हसणं ओढ्यापर्यंत नाही, पण अंगणापर्यंत परत आलं. माझ्याशीही बोलायला लागली, नातवंडं झाल्यावर तर फारच. पण दवाखान्यात, बँकेत, तहसीलमध्ये, कुठेही मी तिच्या वतीनं एक शब्द बोललेला तिला चालायचा नाही. मी नर्स, माझ्याच दवाखान्यात, माझ्याच डॉक्टरसमोर, आणि ती हात वर करून मला थांबवायची. माफ केलं असं ती कधी म्हणाली नाही. मीही कधी माफी मागितली नाही. मागायला तोंड नव्हतं.

शेवटच्या आजारात ती माझ्याकडेच होती. एका दुपारी मी तिचा चेहरा पुसत होते. कपाळावरचं नवं गोंदण फिकट झालं होतं, भुवयांमधला जुना तुकडा आणि नाकावरचे टिपके मात्र तसेच गडद. मला राहवलं नाही. चाळीस वर्षं गिळलेलं मी गोंडीत विचारलं, की आजी ओळखेल ना तुला? मी सांगू का कुणाला, आपल्या पुजाऱ्याला, की तुझं उलटं झालं त्यात तुझा दोष नाही, माझा आहे, तिथे तसं सांग म्हणून?

तिनं डोळे उघडले. ओल्या फडक्याचा स्पर्श नाकाला होत होता आणि तिचा हात कपाळाकडे गेला. मग माझ्याशी ती जी भाषा कधीच बोलत नसे, त्या मराठीत, बंगाली हेलात, सावकाश म्हणाली, "ओळखन नाई त नाई ओळखन. तू नको सांगजो. माह्या आईले मी सांगीन."